बारा बोरचा मिस्त्री : पाचपैकी साडेचार

माझी जुनी बंदूक ज्यांनी दुरुस्त केली त्या मिस्त्री चाचांबद्दल हे लिहितोय. आधीच सांगून टाकतो, दुकानाचं नाव इथं मिळणार नाही. चाचांनीच हात जोडले. "भाऊ, नाव-गिव टाकू नका. काम घेऊन कोनी येत नाही, नुसते पाहाले येतात." तेव्हा एवढंच लिहितो, अचलपूरच्या जुन्या वस्तीतलं दुकान आहे, दार एवढं बुटकं की मला वाकून जावं लागलं. ज्याच्या घरी लायसनची बंदूक आहे तो दोन माणसांना विचारून तिथं पोचतोच. आणि ज्याच्या घरी नाही त्याचं तिथं काही काम नाही.

मी एसटीच्या डेपोत 31 वर्षं मेकॅनिक होतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सगळं हातातून गेलंय. आता सातपुड्याच्या पायथ्याशी साडेचार एकर आहे, त्यात दोन एकर संत्रा, बाकी तूर आणि हरभरा. रात्री रानडुकरं येतात. हरभरा खातात ते एक वेळ परवडलं, पण ठिबकच्या नळ्या चावून ठेवतात आणि सकाळी पाहावं तर वाफ्यात तळं झालेलं. दिवसा रोही, म्हणजे नीलगाई. बंदूक आहे म्हटल्यावर लोकांना वाटतं हा शिकारी. तसं काही नाही बाप्पा. डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, त्या भानगडीत मी पडत नाही. आवाजानं कळप नाल्यापल्याड गेला की माझं काम झालं.

बंदूक आजोबांची. 1957 साली नागपुरातून घेतलेली बर्मिंगहॅमची डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची, छर्ऱ्याची, बारा बोर मापाची. आजोबांकडून वडिलांकडे आणि ते गेल्यावर माझ्या नावावर झाली, त्यात दीड वर्ष गेलं. ते रडगाणं इथं नको.

बिघाडाची सुरुवात निवडणुकीपासून. 2024 साली ती दोनदा ठाण्यात जमा केली, लोकसभेला मार्चपासून जूनपर्यंत आणि विधानसभेला परत ऑक्टोबर-नोव्हेंबरात. नियम आहे, तक्रार नाही. पण मी शहाण्यानं ती पोत्यात गुंडाळून दिली होती. पोतं ओल धरतं. जूनमध्ये नळ्यांवर नुसते तांबूस ठिपके होते, नोव्हेंबरात घरी आणून उघडली तर डाव्या नळीवर हात फिरवला की बोट खरखरीत लागायचं. आणि उघडताना-मिटताना पूर्वी जो एक जाड 'टक' यायचा, त्याऐवजी आता खुळखुळ.

मग मी ती एका मोठ्या शहरातल्या दुकानात नेली. कोणतं ते लिहीत नाही. काचेचं दार, आत एसी, काउंटरवर टाय लावलेला पोरगा. त्यानं बंदूक हातात घेतली, एकदा उघडून बंद केली आणि म्हणाला, "काका, दोन दिवसांत नवी कोरी करून देतो. ब्लूइंग, टाइटनिंग, सर्व्हिसिंग. साडेचार हजार." ब्लूइंग म्हणजे नळ्यांना काळा रंग चढवणं. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. डेपोत कोणी गाडी न चालवता 'दोन दिवसांत नवी करतो' म्हणाला असता तर मी त्याला फाटकापासूनच परत पाठवला असता. पण माणूस आपल्या धंद्यात शहाणा असतो आणि दुसऱ्याच्या धंद्यात बावळट. तिसऱ्या दिवशी बंदूक मिळाली. काळीभोर, आरशासारखी. खुळखुळ गायब. मी खूश. मंडळी म्हणाली, "अगदी लग्नातल्यासारखी दिसून रायली."

फेब्रुवारीत हरभरा घाटेभरणीला आला होता. रात्री दीडच्या सुमाराला माळ्यावर होतो, कुत्रं गुरगुरलं, बांधाकडून कचरकचर आवाज. मी उजवा चाप ओढला. खट्. नुसतं खट्. अशा वेळी बंदूक लगेच उघडायची नसते, कधी कधी काडतुसाच्या बुडाची, ठोक्यानं पेटणारी टोपी उशिरा पेटते. म्हणून नळ्या मोकळ्या आभाळाकडे धरून मनात तीसपर्यंत आकडे मोजले. मग डावा ओढला. बार झाला, कळप पळाला, आणि बारासोबत एक चिरका आवाजही आला, पत्र्याची खुर्ची ओढल्यासारखा. टॉर्च लावून पाहतो तर दोन नळ्यांच्या मधली वरची पट्टी टोकाला उचललेली. खिळा आत जाईल एवढी फट. आणि त्या फटीतून पांढरी, मिठासारखी पूड बाहेर येत होती.

त्या दुकानाला फोन केला. तो म्हणाला, "काका, जुनी चीज आहे, वापरू नका, भिंतीवर लावा."

आता खरी शोधाशोध सुरू झाली. लेथवाले गावोगाव आहेत, वेल्डिंगवाले त्याहून जास्त. एकजण म्हणालासुद्धा, "आना इकडे, टाका मारून देतो." पण बंदूक दुरुस्त करायला वेगळं लायसन लागतं, आणि ज्याच्याकडं ते नाही त्याच्या हातात ती देणं म्हणजे दोघांनी मिळून गुन्हा करणं. वर त्याला माहीत तरी काय, की नळीत पेटलेल्या दारूचा दाब कुठं कुठं जातो.

माझा एक भाचा टेक्सासात असतो. संगणकाची नोकरी, पण शनिवार-रविवार हा गडी टोपी-बूट घालून काऊबॉय होतो. तिकडे काऊबॉय ॲक्शन शूटिंग नावाचा खेळच आहे. 1987 पासून त्याची सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी नावाची मोठी संघटना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीच्या बंदुका वापरायच्या, म्हणजे दर बाराला घोडा हातानं ओढावा लागतो अशी दोन रिव्हॉल्व्हर, खालचा दांडा खाली-वर करून काडतूस चढवायची एक रायफल आणि एक शॉटगन. लोखंडी पाट्यांवर ठणाठण मारायचं आणि घड्याळ लावून कोण लवकर संपवतो ते पाहायचं. प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागतं. यानं घेतलंय 'बेरार किड'. आजोबांनी ऐकलं असतं तर चपला काढली असती.

पण त्याची शॉटगन आमच्यासारखीच, शेजारी शेजारी दोन नळ्यांची. म्हणून फोन केला. म्हटलं, तुम्ही लोक मिस्त्री कसा शोधता रे?

"मामा, इकडंही तेच रडणं आहे," तो म्हणाला. "दुकानं पैशाला पासरी, पण जुन्या पद्धतीच्या बंदुकीवर हात बसलेला माणूस सापडला की त्याच्याकडं सहा-सहा महिने नंबर." त्यानं आधी एकाकडं रिव्हॉल्व्हर दिली होती, घोडा हलका करायला. हलका झाला, लोण्यासारखा. पण कमान, म्हणजे स्प्रिंग, इतकी नरम करून ठेवली की पाचातल्या दोन टोप्या फुटेनात, आणि स्पर्धेत हा नुसता खटखट वाजवत उभा. दुसरा मिस्त्री भेटला त्यानं रिव्हॉल्व्हर हातात घेण्याआधी विचारलं, टोप्या कोणत्या वापरतोस? फेडरल कंपनीच्या टोप्या मऊ असतात, त्या हलक्या ठोक्यानं फुटतात, बाकीच्यांना जोर लागतो. त्या हिशोबानं त्यानं कमान बसवून दिली.

"आणि मामा, जो पहिला आला त्याला कधी विचारायचं नाही. ज्याची बंदूक वर्षभरात एकदाही मध्येच अडकली नाही, त्याला विचारायचं."

हे मला पटलं. डेपोतही वेगात गाडी हाणणाऱ्या ड्रायव्हरला नव्हे, ज्याची गाडी घाटात कधी बंद पडली नाही त्याला आम्ही विचारायचो, की कोणाकडून काम करून घेतोस. मी आमच्या भागात असा माणूस शोधायला लागलो. एक म्हातारे पाटील सापडले, त्यांची बंदूक माझ्या बंदुकीहून जुनी आणि अजून घट्ट. राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेला एक आर्मोररही भेटला. तो सरळ म्हणाला, "आमची एसएलआर रायफल असती तर डोळे मिटून खोलून दिली असती. डबल बार माझं काम नाही." दोघांनी एकच नाव सांगितलं. चाचा.

एप्रिलमध्ये गेलो. माझा पोरगा म्हणत होता मीच नेऊन देतो. तसं कायद्यात बसतं, लायसनधारकानं लेखी अधिकार दिला तर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी बंदूक घेऊन जाऊ शकतो. पण स्वतः जाणं बरं. तुमच्या बंदुकीचं काय झालंय हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं नाही तर बिलावर काहीही लिहिता येतं.

दुकानात एक जुना लेथ, एक वाईस, भिंतीवर कानशी टांगलेल्या, लहानापासून मोठीपर्यंत, सनईवाल्यांच्या रांगेसारख्या. मी कापडातली बंदूक काढायला लागलो तर चाचा म्हणाले, "आधी कागद." लायसन पाहिलं, त्यावरचा नंबर वाचला, मग बंदूक घेऊन तिच्यावरचा नंबर वाचला, दोन्ही रजिस्टरात लिहिले. मग उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतः पाहिलं आणि माझ्यासमोर धरून मलाही दाखवलं. काचेच्या दुकानात यातलं एकही झालं नव्हतं, हे मला तिथं बसल्यावर आठवलं.

पुढचा लाकडी तुकडा काढून त्यांनी बंदूक मिटली आणि दाराच्या उजेडाकडे धरली. "पाहा." नळ्यांची मागची बाजू आणि ती जिला टेकते ती बंदुकीची छाती यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसत होती. पोस्टकार्ड जाईल एवढी. तिथं केसभरही फट असायला नको.

मग नळ्या वेगळ्या केल्या, त्यांच्या खाली पिनेत अडकणारा आकडा असतो त्यात एक बोट घालून टांगल्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटाचं हाड त्यांच्यावर मारलं. बाजारात माठ घेताना बायका वाजवून पाहतात ना, अगदी तसं. चांगल्या जोडलेल्या नळ्या घंटेसारख्या वाजतात, टण्णणण करत आवाज लांबत जातो. चाचांनी कपाटातून दुसऱ्या कुठल्या तरी नळ्या काढून वाजवून दाखवल्या, खरंच देवळात असल्यासारखं वाटलं. माझ्या नळ्या वाजल्या, 'भद्द'. फुटका माठ.

"कोन काळी केली ही?"

मी सांगितलं, दोन दिवसांत.

चाचा हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, दोन नळ्या आणि मधल्या पट्ट्या या कथील-शिशाच्या डाकानं जोडलेल्या असतात. झटपट काळं करायचं काम कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या टाकीत होतं. एकनळी बंदुकीला, रायफलीला ते चालतं. डबल बारला नाही. मी म्हटलं, चाचा, डाक वितळायला 180 च्या वर अंश लागतात, टाकी तर 140 च्या आसपास असेल. ते म्हणाले, "वितळत नाही भाऊ. खाते. सोडा डाक खाते." आणि जे मीठ पट्टीखाली शिरतं ते कितीही धुतलं तरी निघत नाही, आतल्या आत गंज चढवत राहतं. ती पांढरी पूड म्हणजे तेच. एकतीस वर्षं मी रेडिएटरला डाक दिला, पण हे डोक्यात आलं नव्हतं.

खुळखुळ कशी गेली होती तेही सापडलं. नळ्या ज्या आडव्या पिनेवर झुलतात, तिथं कोणीतरी पितळी पत्र्याचा तुकडा दाबून बसवला होता. चाचांनी चिमट्यानं उपसून माझ्या तळहातावर ठेवला. नखाएवढा. साडेचार हजारांतलं टाइटनिंग ते हेच. आणि टोपीवर ठोका देणारी उजवीकडची फायरिंग पिन घासून आखूड झालेली, म्हणून ते नुसतं खट्.

इतकं झाल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला, जो टेक्सासातल्या मिस्त्रीनं भाच्याला विचारला होता. "काडतूस कोनतं टाकता?"

मी पिशवीतून काढून दिलं. 70 मिलिमीटरचं. गेली सहा-सात वर्षं हेच वापरतोय, दुकानात जे मिळेल ते. चाचांनी भिंग घेतलं आणि नळ्यांच्या तळाशी असलेले बारीक शिक्के मला वाचायला लावले. डोळे ताणून वाचलं. मुकुटाचा शिक्का, मग अडीच इंच, मग तीन टन. म्हणजे ही बंदूक अडीच इंची, 65 मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनलेली, आणि चौरस इंचाला तीन टन दाबापर्यंतचा तिचा दाखला. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसनं, म्हणजे बंदुकांची परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं, लोखंडावर ठोकून दिलेला.

मी म्हटलं, पण चाचा, 70 चं तर आरामात मावतं की!

त्यांनी माझंच एक उडालेलं काडतूस घेतलं. भरलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, म्हणून ते आखूड दिसतं आणि मावतं. उडताना ती घडी उलगडते. डबीवर लांबी छापलेली असते ती उलगडल्यानंतरची. म्हणजे 70 चं तोंड 65 च्या घरात, नळीत काडतूस बसतं त्या जागेत, उघडायला जातं तेव्हा जागाच नसते, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, छर्रे आणि त्यांच्यामागचं डाटाचं बूच त्या आवळलेल्या तोंडातून जोरानं बाहेर पडतात आणि दाब वाढतो. माझ्या उडालेल्या काडतुसाच्या काठावर झालरीसारख्या चिंध्या होत्या. सहा-सात वर्षं मी त्या उचलून फेकत होतो, कधी पाहिल्या नव्हत्या. "भरलेलं मावते, उडालेलं मावत नाही," चाचा म्हणाले. "बंदूक ढिली गंजानं नाही झाली भाऊ. यानं झाली."

म्हणजे दोष माझाही होता. हे लिहायला जिवावर येतंय, पण लिहितो, कारण आजोबांच्या काळच्या इंग्रजी बंदुका आपल्याकडं अजून पुष्कळ घरांत आहेत.

मी विचारलं, मग घर खोल करून 70 चं करता येईल का? ते म्हणाले, लोखंड कापता येतं, दाखला कापता येत नाही. बंदुकीची परीक्षा 65 वर झाली आहे. "ते मी करत नाही." हे वाक्य त्या दिवशी मी तीनदा ऐकलं. एकदा टाकीतल्या काळ्या रंगाबद्दल, एकदा हे, आणि तिसऱ्यांदा मला नव्हे. मी बसलेलो असतानाच मोठ्या गाडीतून एक तरुण उतरला, गळ्यात साखळी, हातात आजोबांच्या नावावरच्या लायसनची झेरॉक्स. त्याला नळी कापून आखूड पाहिजे होती, गाडीत ठेवायला सोयीची. चाचांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. "बाबू, नळी कापणं म्हणजे गुन्हा हाय. आधी माझं लायसन जाईल, मग तुझ्या आज्याचं, मग आपण दोघं एका कोठडीत. अन् तू घोरतो का मले माहीत नाही." तो गेल्यावर मला म्हणाले, महिन्यात असा एक तरी येतोच. आपल्या कायद्यात अशा गुळगुळीत नळीच्या बंदुकीला वीस इंचांची मर्यादा सांगितली आहे. भाच्याकडं ती अठरा आहे, तेवढ्यावरून तो फोनवर मला चिडवत असतो.

काम किती दिवसांचं? इथं खरी गंमत. चाचा म्हणाले, पट्ट्या आता काढून ठेवतो, धुऊन, नवा डाक देऊन जोडतो, पण काळं करायचं काम पोळ्यानंतर. का? तर डबल बार काळी करायची जुनी रीत म्हणजे मुद्दाम गंज चढवायचा. नळ्यांना तेलाचा अंश राहू द्यायचा नाही, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं, औषध पुसायचं आणि ओल्या गोणपाटाच्या पेटीत ठेवायचं. बारीक तांबडा गंज आला की लांब लोखंडी कढईत पावसाच्या पाण्यात उकळायचं. तांबड्याचा काळा होतो. तो बारीक लोखंडी काथ्यानं घासायचा आणि परत पहिल्यापासून. माझ्या नळ्यांना सात वेळा केलं. "अन् एप्रिल-मे मध्ये आपल्या इकडं गंजही येत नाही," चाचा म्हणाले. खरं आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे ओला टॉवेल अर्ध्या तासात पापड होतो.

रजिस्टरवर सही केली, पावती घेतली. पावतीवर बंदुकीचा नंबर, काय काय काम, कोणती तारीख. निघण्याआधी मी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढले. चाचांना राग आला नाही, उलट म्हणाले नंबराचाही काढा.

पावसाळ्यात एकदा मध्येच चक्कर मारली. खरं सांगायचं तर फोन उचलत नव्हते म्हणून भांडायला गेलो होतो. ते नेमके सांध्याचं काम करत होते. जुनी पिन काढून किंचित जाड नवी घडवली होती, आणि आकड्याच्या झिजलेल्या तोंडाला भर दिली होती. ती भर नेमकी किती घासायची हा प्रश्न. त्यांनी रॉकेलची चिमणी पेटवली, आकडा तिच्या ज्योतीवर धरून काजळी धरवली, नळ्या हळूच मिटल्या आणि परत उघडल्या. काजळीत एका कडेला मुगाच्या दाण्याएवढा चकचकीत ठिपका. तेवढ्याच जागी कानस, दोन हात. परत काजळी. परत मिटली. ठिपका आता जरा पसरला. डेपोत आम्ही बेअरिंग बसवताना निळा रंग लावून हेच करायचो, त्यामुळे मी भांडण विसरून शेजारी स्टूल ओढला. त्यांनी एकदा कानस माझ्या हातात दिली आणि अर्ध्या मिनिटात काढूनही घेतली. "तुमचा हात बसचा हाय." दीड तासात मी चौदा वेळा काजळी मोजली. शेवटी आकड्याच्या सगळ्या अंगावर सारखी चमक आली, आणि नळ्या मिटताना तो आवाज आला. जाड, एकच. टक. आजोबा ओसरीवर बसून बंदूक मिटायचे तेव्हा माजघरात ऐकू यायचा तो.

बंदूक मिळाली दसऱ्यानंतर. पोळ्याचं बोलून दसरा उलटला, अर्धा तारा तिथं गेला. तोपर्यंत तुरीत डुकरं नाचून गेली, मी सुतळी बॉम्बवर दिवस काढले. फोनचं तर काही बोलायलाच नको, वीस वेळा केला असेल, एकदा उचलला, तोही नातवानं, आणि म्हणाला आजोबा नमाजला गेलेत, आणि ठेवून दिला.

बिल 9,800 रुपये. लेखी. यूपीआय नाही, रोख न्या. शहरातल्या दुकानाच्या दुप्पटीहून जास्त झाले, हे मान्य. पण काय काय होतं पाहा. पट्ट्या नव्यानं जोडल्या, पिन, आकडा, दोन्ही फायरिंग पिना नव्या घडवून पाणी दिलेल्या, वर सात वेळचं काळं. रंग आरशासारखा नाही, निबर काळा आहे, जांभळ्याच्या झाकेचा, दुरून पाहिला तर ओल्या जांभळासारखा. आणि पेच. आधीच्या माणसानं प्रत्येक पेचाच्या खाचेची कड उडवून ठेवली होती. चाचा दर पेचासाठी पेचकसाचं टोक घासून त्या खाचेच्या मापाचं करतात, म्हणून घसरत नाही. बंदूक घरी आणल्यावर पाहिलं, सगळ्या खाचा नळीच्या दिशेनं एका रेषेत. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पाहणारही नव्हतं.

पोलीस पाटलांच्या कानावर घालून शेतात दोन बार काढून पाहिले, 65 च्या काडतुसांचे. ही काडतुसं मागून घ्यावी लागतात, दुकानदार समोर असेल ते पुढं करतो, तेव्हा डबी फिरवून लांबी वाचा. दोन्ही टोप्यांवर ठोका बरोबर मधोमध, खोल, गोल. उडालेल्या काडतुसांचे काठ सरळ, एकही चिंधी नाही. पट्टी जागेवर. उघडून उजेडाकडे धरली, रेघ नाही.

चाचांनी बंदुकीसोबत तेलात भिजवलेलं जाड सुती कापड दिलं, पुढच्या निवडणुकीसाठी. "पोत्यात ठेवाल तर माझ्याकडं येऊ नका." आणि एक काडेपेटी. घरी येऊन उघडली तर आत काढलेले सगळे जुने भाग होते. दोन आखूड पिना, तीन उडालेल्या खाचांचे पेच आणि तो नखाएवढा पितळी पत्रा. आम्ही डेपोत ड्रायव्हरला जुना पार्ट परत द्यायचो, तसंच. पत्रा मी टेबलावर काचेखाली ठेवलाय. एकदा शहरात जाऊन टायवाल्या पोराच्या काउंटरवर तो ठेवून यावा असं फार वाटतं, पण जाण्या-येण्याच्या भाड्यात संत्र्याला खताची अर्धी गोणी येते.